एच.आय.व्ही.ला दाद न देणारी माणसे आणि आपण

काही माणसांना एच.आय.व्ही.ची लागण सहजासहजी होत नाही, ही गोष्ट खरी आहे. विषाणू त्यांच्या शरीरात पोचतो; पण ज्या पेशींत शिरून त्याला आपली वाढ करायची असते, त्या पेशींचे दार त्याला उघडत नाही. या माणसांनी कसलेही औषध घेतलेले नसते, लस टोचून घेतलेली नसते. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या एका लहानशा फरकामुळे त्यांना हे संरक्षण मिळालेले असते. आनुवंशिकतेच्या अभ्यासातील ही एक मोठी मनोरंजक हकीकत आहे, आणि दहावीच्या विद्यार्थ्याला ती सहज समजण्याजोगी आहे.

परंतु अशा खऱ्या गोष्टीतून लोक पुष्कळदा भलताच निष्कर्ष काढतात. 'आमच्या रक्तातच ताकद आहे, आम्हांला काही होत नाही,' असे म्हणणारे आपल्या आसपास थोडे नाहीत. पतीला लागण झालेली आहे आणि पत्नीची तपासणी निर्दोष आली, तर 'हिला होणारच नाही' असे समजून पुढची काळजी सोडून दिली जाते. उलट एखाद्याला लागण झाली की त्याचे, आणि कधीकधी त्याच्या साऱ्या घराण्याचे, 'रक्तच वाईट' ठरते. सातारा आणि सांगली या आमच्या दोन जिल्ह्यांनी या रोगाची मोठी झळ सोसली आहे आणि पुढे ती पुष्कळ कमीही केली आहे. हे कशाच्या बळावर झाले, याचा हिशेब नीट मांडला तर माझ्या मते उत्तर एकच येते. आमचे रक्षण आनुवंशिक ताकदीने झालेले नाही. ते माहितीने, तपासणीने आणि औषधोपचाराने झाले. म्हणूनच हा विषय शाळेत टाळणे म्हणजे आपल्या हातातील खरे संरक्षण टाकून देणे होय.

हे विधान पटण्यासाठी प्रथम त्या आनुवंशिक संरक्षणाची ओळख करून घेऊ.

पेशीचे दार

एड्स या रोगाची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. त्याचा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या प्रयोगशाळेत सापडला. या शोधाबद्दल दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिली लागण १९८६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आताच्या चेन्नईत, उघडकीस आली. ती शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, एका महाराष्ट्रीय कुटुंबातील होत्या. रक्ताचे नमुने गोळा करण्याचे काम त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला हिने केले होते.

हा विषाणू आपल्या रक्तातील ज्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो, त्या पेशी रोगप्रतिकाराच्या कामातील मुकादमच म्हणायच्या. त्या कमी झाल्या की इतर रोगांशी लढण्याची सारी व्यवस्था कोलमडते. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. विषाणू प्रथम त्याला चिकटतो, हे १९८४ सालीच कळले होते. पण एवढ्याने तो आत शिरू शकत नाही, असेही प्रयोगांत दिसत होते. दाराला कडीबरोबर आणखी एक खिटी असावी आणि ती निघाल्यावाचून दार उघडू नये, तसा हा प्रकार होता. ही दुसरी खिटी १९९६ साली सापडली. तिचे नाव सीसीआर-५. हेही पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिनच आहे.

त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि ब्रुसेल्स येथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वारंवार धोका पत्करूनही लागण न झालेल्या काही व्यक्तींच्या पेशींवर हे सीसीआर-५ प्रथिन मुळी नव्हतेच. मग विषाणूने आत जावे कसे?

बत्तीस अक्षरांची गळती

सीसीआर-५ तयार करण्याची कृती तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली असते. डी.एन.ए.ची ही लिपी चार अक्षरांची आहे आणि पेशी ती तीन-तीन अक्षरांचे गट करून वाचते. प्रत्येक गट म्हणजे एक अमिनो आम्ल. अशी ३५२ अमिनो आम्ले क्रमाने जोडली गेली की सीसीआर-५ चे प्रथिन तयार होते.

काही माणसांच्या या जनुकातून सलग ३२ अक्षरे गळालेली असतात. या बदलाला 'डेल्टा-३२' असे म्हणतात. आता ३२ या संख्येला ३ ने नि:शेष भाग जात नाही, आणि सारी गंमत येथेच आहे. गळालेली अक्षरे ३० किंवा ३३ असती, तर साखळीतील काही दुवे कमी झाले असते, पण पुढचे वाचन बिघडले नसते. ३२ अक्षरे गेल्यामुळे पुढचे सारे गट सरकतात. आपण मराठीतच करून पाहू. 'कमळ नगर बदक सडक' हे तीन-तीन अक्षरांचे चार शब्द घ्या. यातील 'न' आणि 'ग' ही दोन अक्षरे खोडा आणि पुन्हा तीन-तीनचे गट करा. 'कमळ रबद कसड क' असे काहीतरी निरर्थक हाती येते. पेशीचेही तसेच होते. वाचता वाचता मध्येच 'येथे थांबा' असा अर्थ असणारा गट लागतो आणि प्रथिन अपुरे राहते. असे अपुरे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली, हे आपण मेंडेलच्या नियमांत शिकलो आहोत. दोन्ही प्रती डेल्टा-३२ असतील, तरच दार जवळजवळ पूर्ण बंद राहते. एकच प्रत तशी असेल तर लागण होऊ शकते; मात्र रोग बळावण्याचा वेग काहीसा मंद असतो. 'जवळजवळ' हा शब्दही मी जाणूनबुजून वापरला आहे. या विषाणूचे काही प्रकार सीएक्ससीआर-४ नावाच्या दुसऱ्याच खिटीने आत शिरतात. त्यामुळे दोन्ही प्रती असलेल्या माणसांनाही लागण झाल्याची थोडी उदाहरणे नोंदलेली आहेत.

याखेरीज आणखी एक आनुवंशिक भेद महत्त्वाचा आहे. लागण झालेल्या पेशीची ओळख रोगप्रतिकारक यंत्रणेला पटवून देणारी एच.एल.ए. नावाची प्रथिने प्रत्येकात थोड्या वेगळ्या घडणीची असतात. त्यांतील बी-५७ किंवा बी-२७ ही घडण ज्यांना लाभली आहे, त्यांच्यापैकी अनेकांमध्ये लागण झाल्यावरही विषाणूची वाढ आटोक्यात राहते. म्हणजे एक भेद दारच बंद करतो आणि दुसरा घरात शिरलेल्या चोराला लवकर ओळखतो.

दोन जिल्ह्यांचा हिशेब

हे संरक्षण किती जणांना असते? उत्तर युरोपातील लोकांत डेल्टा-३२ चे प्रमाण सर्वांत अधिक आहे. तेथे शंभर प्रतींमागे सुमारे दहा किंवा त्याहून काही अधिक प्रती अशा निघतात. दक्षिणेकडे यावे तसे हे प्रमाण उतरत जाते. आफ्रिकेतील आणि पूर्व आशियातील मूळ रहिवाशांत हा बदल जवळजवळ नाहीच. भारतात झालेल्या तपासण्यांत तो बहुधा आढळला नाही किंवा अगदी विरळा आढळला.

तरीही वादासाठी आपण असे धरून चालू की आपल्याकडे शंभर प्रतींमागे एक प्रत डेल्टा-३२ आहे. मग दोन्ही प्रती तशा असण्याची संभाव्यता किती? ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख होती. दोन्ही मिळून झाले ५८ लाख. याचा दहा हजारावा भाग म्हणजे ५८० माणसे. इतक्या उदार हातांनी अंदाज केला तरी दोन्ही जिल्ह्यांतील अशी सारी माणसे एखाद्या शाळेच्या पटांगणात दाटीवाटी न करता उभी राहतील. उरलेल्या साडेसत्तावन्न लाखांहून अधिक लोकांना हे आनुवंशिक कवच नाही. या गणितात आपण विवाहसंबंध सर्व लोकांत सरमिसळ होतात असे धरले आहे. प्रत्यक्षात ते जातीपातींच्या आणि नात्यागोत्याच्या मर्यादेत होत असल्याने आकडा थोडा मागेपुढे होईल. निष्कर्ष मात्र बदलणार नाही.

न फुटलेला अणू

येथे कोणी म्हणेल, 'पण आम्ही अशी जोडपी पाहिली आहेत. एकाला लागण आहे आणि वर्षे लोटली तरी दुसऱ्याला नाही. ही ताकद नव्हे तर काय?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या विषयातून, म्हणजे पदार्थविज्ञानातून, चांगले देता येते.

किरणोत्सर्गी पदार्थाचा एक तुकडा घ्या. एका अर्धायुष्यात त्यातील निम्मे अणू फुटतात आणि निम्मे उरतात. उरलेले अणू फुटलेल्यांपेक्षा अधिक बळकट होते काय? मुळीच नाही. सारे अणू तंतोतंत एकसारखेच होते. कोणाची पाळी आली, कोणाची आली नाही, एवढेच. पुढच्या अर्धायुष्यात या उरलेल्यांतीलही निम्मे फुटणार असतात.

एच.आय.व्ही.ची लागणही दर वेळी होतेच असे नाही. तिलाही संभाव्यता आहे. युगांडातील राकाई जिल्ह्यात एकाला लागण असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या १७४ जोडप्यांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. दर लैंगिक संबंधामागे लागण होण्याची सरासरी संभाव्यता ०.००११ निघाली, म्हणजे हजारात एकाहून किंचित अधिक. हा आकडा घेऊन गणित केले, तर शंभर प्रसंगांनंतरही शंभरांपैकी सुमारे नव्वद जण लागणीवाचून राहतील. यांतील एकालाही कसलेच आनुवंशिक संरक्षण नसले, तरीही! अर्धायुष्याचे सूत्र लावले तर ०.६९३ भागिले ०.००११, म्हणजे सुमारे ६३० प्रसंगांनंतर निम्म्यांना लागण झालेली असेल. हजार प्रसंगांनंतर लागणीवाचून राहिलेले केवळ एक-तृतीयांश उरतील.

ही सरासरी आहे, तिच्यावर भरवसा ठेवून कोणी वागू नये. पहिल्याच प्रसंगात लागण झालेली माणसेही आहेत. शिवाय ही संभाव्यता सर्वत्र सारखी नसते. त्याच राकाईच्या पाहणीत, रक्तात विषाणूंची संख्या अगदी कमी असताना ती ०.०००१ होती, तर संख्या पुष्कळ असताना ०.००२३ होती. हा तेवीस पटींचा फरक आहे आणि तो ठरला लागण झालेल्या जोडीदाराच्या रक्तातील विषाणूंच्या संख्येवरून. गुप्तरोगांच्या जखमा असतील तर धोका आणखी वाढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

वर्गात याचा प्रयोग करून पाहता येईल. पन्नास मुलांना उभे करा. प्रत्येकाने फासा टाकावा. सहा पडले तर खाली बसावे. अशा दहा फेऱ्या करा. हिशेबाप्रमाणे सुमारे आठ मुले शेवटपर्यंत उभी राहतील. या आठांच्या अंगी 'सहा न पडण्याची ताकद' होती असे कोणी म्हणेल काय? अकरावी फेरी टाकताना त्यांनाही सहा पडण्याची शक्यता इतरांइतकीच असते.

लागण झाली नाही, एवढ्यावरून प्रतिकारशक्ती सिद्ध होत नाही. ती सिद्ध करायला पेशींची आणि जनुकांची तपासणी करावी लागते. नैरोबीत १९८० च्या दशकापासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांची दीर्घकाळ पाहणी झाली. वारंवार धोका असूनही त्यांतील काहींना वर्षानुवर्षे लागण झाली नाही आणि त्यांच्या रक्तात विषाणूला ओळखणाऱ्या पेशीही सापडल्या. येथे खरोखरच काही संरक्षण असावे असे संशोधकांना वाटते. पण पुढे त्यांच्यापैकीही काही जणींना लागण झालीच. ज्यांच्या बाबतीत संरक्षणाचा पुरावा सापडला त्यांचीही ही गत, मग केवळ तर्काने स्वतःला सुरक्षित समजणाऱ्यांचे काय?

विषाणू कोणत्या वाटेने आला

आता आमच्या भागाकडे येऊ. पुणे-बंगलोर महामार्ग सातारा आणि कराडवरून पेठ नाक्याकडे जातो. मालमोटारींची ही रात्रंदिवस चालणारी वाट. सातारा जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली. गिरण्यांत राबली, माथाडी कामगार झाली. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. दुष्काळी भागातून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. या साऱ्यांत वाईट काहीच नाही. पोट भरण्यासाठी माणसे दूर गेली, एवढेच. पण महिनोन्‌महिने घरापासून लांब राहणाऱ्या माणसांबरोबर विषाणूही प्रवास करतो. पती मुंबईहून आला आणि गावात राहिलेल्या, दुसरीकडे कोठेही न गेलेल्या पत्नीला लागण झाली, असे १९९० च्या दशकात घरोघर घडले. तिच्या रक्तात कोणता दोष होता? काहीच नाही. तिला कोणी काही सांगितले नव्हते, हाच काय तो दोष.

पश्चिम महाराष्ट्रातील जिल्हे त्या काळी अधिक लागणीचे म्हणून ओळखले जात. पुढे काय झाले पाहा. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत तपासणीसाठी आलेल्या १५ ते २४ वयाच्या गरोदर स्त्रियांत लागणीचे प्रमाण २००० साली १.७ टक्के होते. २००४ साली ते १.१ टक्क्यावर आले. तरुण वयाचा गट मुद्दाम घेतला जातो, कारण त्यांची लागण अलीकडचीच असते. २०१९ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रातील प्रौढांत हे प्रमाण ०.३६ टक्के होते.

विद्यार्थी मित्रहो, या आकड्यांकडे आनुवंशिकतेच्या चष्म्यातून बघा. माणसाची एक पिढी सुमारे पंचवीस वर्षांची. लोकसमूहातील जनुकांचे प्रमाण बदलायला अशा अनेक पिढ्या जाव्या लागतात. चार वर्षांत जनुके बदलत नाहीत. लागण मात्र चार वर्षांत एक-तृतीयांशाहून अधिक घटली. याचा अर्थ उघड आहे. जे बदलले ते माणसांचे ज्ञान आणि वर्तन होते.

हा बदल आपोआप झाला नाही. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने काम केले; मीना शेषू या तिच्या संस्थापकांपैकी. या कामाचा विशेष असा की, ज्यांना समाज रोगाचे मूळ म्हणून दोष देत होता त्या वेश्याव्यवसायातील स्त्रियाच त्यात शिक्षिका झाल्या. निरोध का आणि कसा वापरावा, तो वापरण्यास नकार देणाऱ्याला परत कसे पाठवावे, हे त्यांनी एकमेकींना शिकवले. १९९६ साली त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. त्यांतील कित्येकींना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते. तरी संसर्गाची साखळी कोठे तोडायची हे त्यांना नेमके कळले होते. पदवीधरांनीही त्यांच्याकडून शिकण्याजोगी ही गोष्ट आहे.

दुसरे साधन औषधांचे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने एच.आय.व्ही.विरोधी औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. आरंभी देशातील मोजक्या रुग्णालयांत असलेली ही सोय पुढे सातारा व सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलांपर्यंत पोचली. राकाईच्या पाहणीतील तेवीस पटींचा फरक आठवतो ना? औषधे हाच फरक घडवून आणतात. ती रक्तातील विषाणूंची संख्या उतरवतात. याचा भक्कम पुरावा २०११ साली मिळाला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा तो प्रयोग होता आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होती. लवकर औषधे सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ घटनांपैकी फक्त एक या गटातील होती. आज आपण असे म्हणू शकतो, की औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूंची मात्रा तपासणीत न दिसण्याइतकी उतरली आणि तशीच टिकली, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. आईकडून बाळाला होणारी लागणही औषधांवाचून १५ ते ४५ टक्के असते; ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

दहा हजारांत एकाला निसर्ग जे देतो, ते एक गोळी कोणालाही देऊ शकते. यात सामर्थ्य कोणाचे अधिक?

मग हे संशोधन व्यर्थ काय?

मुळीच नाही. दार बंद राहू शकते हे निसर्गाने दाखवले, म्हणून ते औषधाने बंद करण्याची कल्पना सुचली. सीसीआर-५ ला अडवणारे 'मॅराव्हिरॉक' हे औषध २००७ साली वापरात आले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राऊन या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला अशा दात्याच्या मूळपेशी देण्यात आल्या, की ज्याच्या दोन्ही प्रती डेल्टा-३२ होत्या. २००८ साली त्या पुन्हा दिल्या गेल्या. ब्राऊनचा एच.आय.व्ही. नाहीसा झाला. हा विषाणू शरीरातून घालवता येतो हे त्या एका माणसाने सिद्ध केले. २०२० साली तो वारला तो कर्करोगाने. पण हा उपचार जिवावर बेतणारा असतो. कर्करोगासारखे दुसरे कारण असल्यावाचून तो कोणाला करता येत नाही.

याच ज्ञानाचा अविचारी वापरही झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे च्यानकुई या संशोधकाने जाहीर केले, की त्याने दोन जुळ्या मुलींच्या गर्भावस्थेतच सीसीआर-५ चे जनुक बदलले आहे. वडिलांना लागण होती, हे त्याने दिलेले कारण. पण वडिलांकडून होणारी लागण टाळण्याचे साधे, खात्रीचे मार्ग उपलब्ध होते. शिवाय सीसीआर-५ हे काही विषाणूच्या सोयीसाठी निर्माण झालेले दार नव्हे. शरीरात त्याला आपले काम आहे. ज्यांच्यात ते नसते अशांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार झाला तर तो अधिक तीव्र होण्याचा संभव असतो, असे अमेरिकेतील पाहणीत २००६ साली आढळले. डासांनी पसरणारा हा विषाणू भारतातही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने या संशोधकाला तीन वर्षांची शिक्षा दिली.

'चांगले जनुक' आणि 'वाईट जनुक' अशी वाटणी किती फसवी असते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारे सिकल सेलचे जनुक एकाच प्रतीत असेल तर मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून संरक्षण देते. दोन्ही प्रती तशा असतील तर तेच जनुक स्वतः गंभीर आजार होते. तेथील लोकांना 'तुम्हांला जनुक आहे, मच्छरदाणी कशाला?' असे कोणताही शहाणा डॉक्टर म्हणत नाही. तो मच्छरदाणी देतो, रक्त तपासतो आणि औषध देतो. एच.आय.व्ही.च्या बाबतीतही हाच न्याय लावायला हवा.

शिक्षकांना विनंती

२००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर मोठा वाद झाला आणि शाळांतून तो थांबवण्यात आला. विरोध करणाऱ्यांचा हेतू मुलांचे भले व्हावे हाच असेल. पण संकोचाने विषाणू थांबत नाही. मुलांना माहिती मिळतेच. शाळेत मिळाली नाही तर पानाच्या टपरीवर आणि आता हातातल्या मोबाईलवर मिळते, आणि तीत खरेखोटे मिसळलेले असते. 'अमुक रक्तगटाला एड्स होत नाही' अशा वार्ता तेथूनच पसरतात.

ज्या शिक्षकांना हा विषय वर्गात कसा काढावा असा संकोच वाटतो, त्यांना मी एक मार्ग सुचवतो. नववी-दहावीला आनुवंशिकता शिकवताना डेल्टा-३२ चे उदाहरण घ्या. तीन-तीन अक्षरांचे गट पाडून दाखवा, मेंडेलचा चौकोन काढा, दोन जिल्ह्यांचा हिशेब करा, फाशांचा खेळ खेळा. एवढे झाल्यावर 'मग बाकीच्यांचे रक्षण कशाने होते?' हा प्रश्न मुलेच विचारतील. मग त्याचे उत्तर शास्त्राच्या भाषेत, सरळ आवाजात द्या. ते उत्तर देताना कोणालाही मान खाली घालावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. तुमच्या वर्गात रोज वेळेवर गोळी घेणारा एखादा विद्यार्थी असू शकेल. तो कोण, हे कोणी शोधू नये. त्याच्या शेजारी बसल्याने, एका डब्यात जेवल्याने किंवा त्याच्याबरोबर कबड्डी खेळल्याने लागण होत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही.विषयक कायद्याने अशा मुलाला शाळेतून काढणे आणि त्याच्या संमतीवाचून ही माहिती उघड करणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. पण कायद्याच्याही आधी येते ती समज. त्याला लागण झाली ती त्याच्या रक्ताच्या कमजोरीने नव्हे, आणि आपल्याला झाली नाही ती आपल्या रक्ताच्या थोरवीने नव्हे. एवढे ज्याला उमगले, त्याने आनुवंशिकतेचा धडा खऱ्या अर्थाने वाचला असे मी म्हणेन.

ज्यांना शंका असेल त्यांनी सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जावे. तेथे तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. स्वतःच्या रक्तात काय आहे, हे तर्काने कळत नाही. ते तपासूनच पाहावे लागते.